अर्जंट माल, स्वस्त गाडी आणि उधार भाडं

सिन्नरमध्ये सध्या सगळ्यात स्वस्त काय मिळतं असं कुणी विचारलं, तर मी सांगेन, रात्री अकराला चाकणला निघणारी पिकअप.

ज्यांचा एमआयडीसीशी रोजचा संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. माळेगाव आणि मुसळगावच्या वसाहतींतले कितीतरी कारखाने मोठ्या वाहन कंपन्यांना सुटे भाग पुरवतात. या मोठ्या कंपन्या स्वतःकडे साठा फारसा ठेवत नाहीत. माल ठरल्या तासाला गेटवर यायला हवा. नाही आला तर त्यांची लाईन थांबते आणि त्याचा भुर्दंड पुरवठादारावर येतो. आता इकडे एखादं मशीन बंद पडलं, लाईट गेली, एखादा लॉट रिजेक्ट झाला, तर रोजच्या ठरलेल्या मोठ्या गाडीची वाट बघण्यात अर्थ नसतो. मग रात्री फोन फिरतात. पंधरा पेट्या आहेत, सकाळी सहाच्या आत चाकणला पाहिजेत. त्या पंधरा पेट्यांसाठी एक पिकअप किंवा चौदा फुटी आयशर एकटी निघते. याला आपल्याकडे नुसतं 'अर्जंट' म्हणतात. तालुक्यातल्या बऱ्याच घरांचा संसार या अर्जंटवर चालतो. गाडी एक, मालक तोच, ड्रायव्हरही तोच.

या अर्जंटचं भाडं पडलंय. थोडंथोडकं नाही, चांगलंच पडलंय.

गेले पंधरा दिवस मी गाडीमालकांशी बोलतोय. नावं देत नाही, कारण उद्या त्यांना त्याच गेटवर नंबर लावायचाय. एकाने वही काढून दाखवली. सिन्नर ते चाकण पिकअपचं जे भाडं दोन-तीन वर्षांपूर्वी सहा हजार होतं, ते आज साडेचार हजारावर आलंय. जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. लिटरला साडेअकराचं ॲव्हरेज धरलं तर २६ लिटर डिझेल, नव्वदच्या भावाने २,३४० रुपये. हिवरगाव पावसा आणि चाळकवाडीचा टोल, रात्रीचा चहा, सकाळचा नाश्ता मिळून सहाशे. ज्याने माल दिला त्याचे तीनशे. राहिले साडेबाराशेच्या आसपास. महिन्याला अशा बारा-तेरा फेऱ्या झाल्या तर पंधरा-सोळा हजार. गाडीचा हप्ताही तेवढाच! टायर, सर्व्हिसिंग, फिटनेस बाजूलाच ठेवा. साडेसात टनांखालच्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा जून २०२२ च्या दरपत्रकाप्रमाणे वर्षाला १६,०४९ रुपये, वर जीएसटी. म्हणजे हप्ता फिटला की घरी नेण्यासारखं उरतं ते फक्त चाकणचं ट्रॅफिक.

"येताना भाडं मिळालं तर भाजीपाला निघतो, नाही मिळालं तर नाही," असं त्याने सांगितलं, तेही हसत हसत. ते हसणं काही बरं वाटलं नाही.

आता भाडं पडलं का? गाड्या वाढल्या, काम तेवढंच, असं सोपं उत्तर सगळे देतात. ते खोटं नाही. पाऊस नाही, कांद्याला भाव नाही, पोराला कंपनीत कायम नोकरी नाही, मग घरच्यांनी काय करावं? जमीन गहाण टाकून किंवा भूसंपादनाच्या पैशातून डाऊन पेमेंट भरलं आणि दारात गाडी उभी केली. फायनान्सवाला तर कागद घेऊन घरीच येतो. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. शोरूमवाल्यांची दिवाळी झाली, चांगलं झालं. पण ज्याने आदल्या वर्षी जुन्या भावात गाडी घेतली त्याचा हप्ता एक रुपयाने कमी झाला नाही. शेजारी नवीन गाडीवाला आला, तो कमी हप्त्यावर कमी भाडं सांगू शकतो. आणि जुनी विकायला जावं तर तिचा भावही उतरलेला.

गाड्या न वाढताही माल नेण्याची ताकद वाढते, हेही विसरू नका. जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकची वजनमर्यादा वाढवली. सहाचाकीची एकूण मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ टन झाली, दहाचाकीची २५ वरून २८.५. त्या वेळी देशभर ट्रकवाल्यांचा संप चालू होता, मागण्या होत्या डिझेल आणि टोलच्या. हातात पडली वजनवाढ. त्याच रस्त्यावर त्याच गाड्यांत जास्त माल बसू लागला. मोठ्या गाड्यांना फेऱ्या कमी पडल्या की ते मधल्या गाड्यांच्या मालावर येतात, मधले छोट्यांच्या. शेवटी दाबला जातो तो पिकअपवाला, त्याच्या खाली कुणी नाही.

पण सिन्नरपुरतं सांगायचं तर मला खरा घोळ रिटर्नच्या गाडीत दिसतो. चाकणची गाडी अंबडला किंवा सातपूरला माल टाकते. परत रिकामं जाण्यापेक्षा वाटेत सिन्नरला थांबते आणि अडीच-तीन हजारांत माल उचलते. तिचं मुख्य भाडं आधीच वसूल झालंय, हे वरचे पैसे. तिच्या जागी मी असतो तर मीही उचलला असता. पण सिन्नरच्या गाडीला सिन्नर-चाकण हेच मुख्य भाडं आहे, आणि तिला त्या रिटर्नच्या भावाशी भाव करावा लागतो. आपली गाडी चाकणला गेली की तिथे ती रिटर्नची होते आणि तिथल्या लोकांचा भाव पाडते. दोन्ही टोकांना सगळे एकमेकांचं रिटर्न खातायत. पूर्वी हे चालायचं, पण कोणती गाडी कुठे रिकामी आहे हे सगळ्यांना कळत नव्हतं. आता व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज पडतो, "सिन्नर टू चाकण, पिकअप, अर्जंट, रेट सांगा". एक म्हणतो ४,८००, दुसरा ४,५००, तिसरा ४,२००. पाच मिनिटांत उलटा लिलाव. बाजार समितीत कांद्याचा लिलाव निदान वर तरी चढतो!

आणि समृद्धी. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी सुरू झाला, २०२३ च्या मे महिन्यात भरवीरपर्यंत, २०२४ च्या मार्चमध्ये इगतपुरीपर्यंत आणि ५ जून २०२५ ला थेट आमणेपर्यंत, म्हणजे भिवंडीच्या दारात. आपल्या तालुक्याने या रस्त्यासाठी जमिनी दिल्या. गोंद्याला चढलं की भिवंडीची गोदामं आता अर्ध्या दिवसाचं काम. रस्ता चांगला आहे, याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. अर्जंटवाला नेमकं काय विकत होता? वेळ. कसारा घाटात ट्रॅफिकमधून वाट काढून तो पहाटे माल पोचवायचा, म्हणून त्याला चार पैसे जास्त मिळायचे. रस्ता वेगवान झाल्यावर कंपनीने मुदत कमी केली. भाडं मात्र किलोमीटरवर मोजायला सुरुवात झाली. टोल गाडीवाल्याच्या फास्टॅगमधून जातो, आणि १ एप्रिल २०२५ पासून समृद्धीचा टोल सुमारे १९ टक्क्यांनी वाढलाय. टोल वेगळा मागितला की ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, "भाड्यातच धरलाय." जुन्या घाटाने जावं तर वेळेत पोचत नाही, आणि उशीर झाला की भाड्यातून कापतात. म्हणजे वेग विकत घेतो गाडीवाला आणि वापरतात दुसरेच.

कारखानदारांशीही बोललो. त्यांचंही ऐकायला हवं. मोठ्या कंपन्या त्यांच्याकडून दरवर्षी पार्टचा भाव कमी करून मागतात, कच्चा माल महागला तरी. एक जण म्हणाले, "साहेब, अर्जंट गाडी म्हणजे आमच्या चुकीचा खर्च. तो आम्हाला कुणी भरून देत नाही, मग आम्ही तो जितका कमी होईल तितका करणारच." प्रामाणिक उत्तर आहे. पण मी त्यांना विचारलं, तुम्ही चाकणच्या अर्जंटला ट्रान्सपोर्टला किती देता? त्यांनी आकडा सांगितला. तो साडेचार हजार नव्हता. बराच वर होता. मधे दोन हात होते, कधी तीन. कारखानदाराला वाटतं आपण बरं भाडं देतो. गाडीवाल्याला वाटतं कारखानदार लुटतो. मधल्याला काहीच वाटत नाही.

मधला माणूस नकोच असं मी म्हणत नाही. रात्री अकराला कुठली गाडी रिकामी आहे, कुठला ड्रायव्हर प्यायलेला नाही, हे त्याला ठाऊक असतं. त्या माहितीला किंमत आहे. पण ती किती, हे तिघांपैकी दोघांना कळूच नये, हे कुठलं? अमेरिकेत दलालाने मालवाल्याकडून किती घेतले ते पाहायचा हक्क गाडीवाल्याला नियमाने आहे. तिथेही करारात तो हक्क सोडून द्यायला लावतात, म्हणून मे २०२० मध्ये भाडी कोसळली तेव्हा तिथले एकेका गाडीचे मालक वॉशिंग्टनमध्ये ट्रक लावून बसले होते. आपल्याकडे तो नियमच नाही, त्यामुळे बसायचं कुठे हाही प्रश्नच.

कायदा अगदीच रिकामा आहे असंही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ मध्ये राज्य सरकारला भाडी ठरवून देण्याचा अधिकार आहे, प्रवासी गाड्यांची आणि मालगाड्यांचीही, कमाल आणि किमान दोन्ही. रिक्षाचं भाडं ठरतं ते याच कायद्याखाली. केंद्राने १ जुलै २०२५ ला ॲपवरच्या टॅक्सींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा, आणि गिऱ्हाईक घ्यायला रिकामं जावं लागतं त्याचाही विचार आहे. माणूस बसवून नेला तर चालकाचा हिस्सा सरकार मोजतं. पेट्या नेल्या की तोच चालक वाऱ्यावर. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे माल बुक करणाऱ्या एजंटने, दलालाने नोंदणी करायला हवी. आपल्याकडे ग्रुपवर मेसेज टाकणाऱ्या किती जणांची नोंदणी आहे, हे नाशिकच्या आरटीओने एकदा तपासावं.

सरकारने सगळीकडे किमान भाडं ठरवावं असं मात्र मी म्हणणार नाही. कागदावर पाच हजार आणि हातात चार, एवढंच होईल. ट्रक युनियनने नंबर लावून भाडं धरून ठेवावं, हाही जुना उपाय. त्यात दादागिरी शिरते. पंजाब सरकारने २०१७ मध्ये अशा युनियन मोडीत काढल्या त्या उगाच नाही.

मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते उधारीचं. भाडं पडलंच आहे, पण पडलेलं भाडं तरी हातात येतं का? निघताना डिझेलपुरता ॲडव्हान्स, बाकी पोच आणल्यावर. पोच दिली की "कंपनीचं पेमेंट आलं नाही." साठ दिवस, नव्वद दिवस. ज्याने सहा वाजता माल हवा म्हणून रात्रभर फोन केले तो तीन महिने फोन उचलत नाही. या काळात डिझेल उसनं, हप्ता चुकला की दंड, आणि दंड भरायला पुढचं भाडं मिळेल त्या भावात. भाव पाडणारा गाडीवाला हा बहुतेक वेळा मूर्ख नसतो, त्याच्या हप्त्याची तारीख जवळ आलेली असते. उधारी थांबली तर भाव थोडा आपोआप सावरेल, असं माझं मत आहे.

इथे एक गोष्ट गाडीमालकांच्या हातात आहे आणि बहुतेकांना माहीत नाही. एका गाडीचा मालकही सेवा देणारा सूक्ष्म उद्योग आहे. उद्यम नोंदणी ऑनलाईन होते, फुकट होते. कुणी हजार-दोन हजार मागत असेल तर देऊ नका. नोंदणी झाली की त्यानंतरच्या कामाचे पैसे २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत मिळायला हवेत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. तक्रार ऑनलाईन करता येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या एका कलमामुळे मुदतीत न दिलेली रक्कम देणाऱ्याला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. कारखानदाराचा सीए हे कलम बरोबर ओळखतो, मार्चमध्ये तर झोपेतही ओळखतो.

तक्रार केली की पुढचं काम बंद, ही भीती खरी आहे. म्हणून एकट्याने करू नका. आणि म्हणूनच हा विषय निमाने आणि मुसळगावच्या सहकारी वसाहतीने स्वतः हातात घ्यावा. अर्जंट गाडीच्या गेटपासवर कंपनीने ठरवलेलं भाडं आणि टोल कुणाचा हे लिहायला काय खर्च येतो? गेटवर गाडी चार तास उभी राहिली तर हॉल्टिंग किती, तेही लिहा. ड्रायव्हरने बघितलं की मधल्याने किती ठेवले हे त्याला कळेल, आणि पुढचा भाव तो डोळे उघडे ठेवून करेल. यात कारखानदाराचाही स्वार्थ आहे. रात्री चाकणहून येऊन दुपारी दोन तास झोपून पुन्हा रात्री निघणारा माणूस तुमच्या पेट्या नेतोय. चंदनापुरी घाटात त्याचा डोळा लागला तर लाईन थांबेलच, पण तो हिशोब तिथे संपणार नाही.

"परवडत नाही तर गाडी विका," असं कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. विकायला काढलेल्या गाड्या सरदवाडी रोडपासून बायपासपर्यंत बघून या, मग लिहा.

ज्यांची बाकी तीन महिन्यांपेक्षा जुनी आहे त्यांनी पोचपावती आणि मेसेजचे स्क्रीनशॉट घेऊन मला भेटावं. नाव बाहेर जाणार नाही. दहा-पंधरा जण झाले तर एकत्र अर्ज करू, उद्यम नोंदणीही एका दिवसात बसून उरकून टाकू. ट्रान्सपोर्टवाल्यांनाही काही सांगायचं असेल तर सांगा, तुमची बाजूही इथेच टाकतो. फक्त एक अट आहे, कंपनीकडून किती घेता आणि गाडीला किती देता, हे दोन आकडे त्यात असले पाहिजेत.