छताचा कागद दुय्यम कसा?

मे १८७१. पॅरिस कम्यूनच्या अखेरच्या आठवड्यात ओतेल द व्हील हे नगरभवन पेटले. अँग्र यांनी १८५३ मध्ये पूर्ण केलेले नेपोलियनच्या देवत्वारोहणाचे छतचित्र आणि दलाक्र्वा यांनी रंगवलेले शांतिदालनाचे छत त्या आगीत नष्ट झाले. त्यांचे लहान कच्चे आराखडे मात्र वाचले. आज ते पॅरिसच्या कार्नाव्हाले संग्रहालयात आहेत आणि कलेतिहास त्यांना आदराने जपतो. ते योग्यच आहे.

आता लाशेझ आणि गूर्दे ही पॅरिसमधील सजावटकारांची जोडी घ्या. श्रीमंतांच्या दालनांची छते आखणे हा त्यांचा व्यवसाय. इंग्लंडमधील डीपडीन या वाड्यासाठीही त्यांनी छते आखली. तो वाडा १९६९ मध्ये पाडला गेला. रेखाटने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. छत गेले, कागद उरला. स्थिती तीच, तरीही या कागदांना ‘सजावटीचे नमुने’ म्हणून बाजूला सारले जाते. हा भेद कागदाचा नाही, सहीचा आहे.

अशा रेखाटनांत काय असते, ते पाहा. पेन्सिल, शाई, जलरंग, कधी सोनेरी रंग. छत सममित असल्यामुळे बहुधा अर्धा किंवा पाव भागच पूर्ण काढलेला. उरलेला भाग कारागिराने उलटवून घ्यायचा. कधी एका कोपऱ्यात एक नक्षी, तर दुसऱ्यात वेगळीच, म्हणजे मालकाने दोहोंतून एक निवडावी. मधोमध रंगवलेले आकाश, भोवती गिलाव्याच्या उठावाची चौकट. मालक, आखणारा, गिलावा करणारा आणि मुलामा देणारा यांच्यातील बोलणीच त्या कागदावर उतरलेली असतात. पूर्ण झालेले छत हे सारे लपवते. मग इतिहासाचे साधन म्हणून अधिक बोलका कोण?

आक्षेप ठरलेला आहे: हे लोक चौदाव्या-पंधराव्या लुईच्या काळातील शैलींची नक्कल करत होते. करत होतेच! नव्या संपत्तीला डोक्यावर जुने कुळ हवे होते आणि ही मागणी कशी पुरवली गेली, ते याच कागदांत दिसते. शिवाय अँग्र यांनीही नेपोलियनला प्राचीन विजेत्याप्रमाणे चार घोड्यांच्या रथात उभे केले होते. त्याला मात्र आपण ‘अभिजात परंपरा’ म्हणतो.

संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर अशी रेखाटने पुढे आली, की दोन कोपरे ताडून पाहा. ते वेगळे असतील, तर निवड अजून व्हायची होती.