इअरफोनची खरी परीक्षा लोकलमध्ये

नवा इअरफोन घेतला की बहुतेक जण तो घरीच, रात्रीच्या शांततेत लावून बघतात. ओळखीचे गाणे लावायचे, ढोलकी घुमते का ते ऐकायचे, ‘बेस मस्त आहे’ म्हणायचे आणि खोके कपाटावर टाकायचे. त्या खोक्यात एक छोटी पिशवी असते. तिच्यात लहान-मोठ्या मापाची सिलिकॉनची रबरे असतात. ती पिशवी बहुधा कोणी उघडतही नाही. कानाच्या दृष्टीने खोक्यातली सर्वांत महत्त्वाची वस्तू तीच.

कारण दुसऱ्या दिवशी सकाळी हा इअरफोन नायगाव स्थानकावरून चर्चगेट लोकलमध्ये चढतो. विरार-वसईत आधीच भरलेला डबा, उघडी दारे, छताचे पंखे, रुळांचा खडखडाट आणि नायगाव सुटताच येणारा खाडीवरचा पूल. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर भोवतालचा गोंगाट साधारण ८५ डेसिबलच्या आसपास आहे असे समजावे. या गोंगाटावर मात करायची तर गाणे त्याहून मोठे हवे. घरी अर्ध्यावर असलेला आवाज भाईंदर येईपर्यंत पाऊण पट्टीच्या पुढे जातो. ऐकणाऱ्याला तो मोठा वाटत नाही, गाणे आत्ता कुठे नीट ऐकू येऊ लागले असेच वाटते. धोका नेमका या वाटण्यात आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास अशी आहे. डेसिबलचा हिशेब मात्र साध्या बेरजेचा नाही. आवाज तीन डेसिबलने वाढला की कानावर पडणारी ध्वनिऊर्जा दुप्पट होते आणि सुरक्षित वेळ निम्मा होतो. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९२ ला फक्त अडीच तास. नायगावहून चर्चगेटला जाऊन परत येण्यात अडीच तास सहज जातात. गोंगाटावर मात करायला आवाज ९२ पर्यंत नेला, तर सोमवारीच आठवड्याचा कोटा संपला. मंगळवार ते शनिवार सारी उधारी!

ही उधारी फेडता येत नाही. आतल्या कानात शंखासारख्या नळीत सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आधी जातात त्या उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. त्यामुळे ‘स’, ‘श’, ‘फ’ अशी व्यंजने धूसर होतात आणि तिशी-चाळिशीतला माणूस म्हणू लागतो, ‘ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत.’ प्रवासानंतर कानात टिंग-टिंग वाजणे किंवा कान भरल्यासारखे वाटणे ही पहिली सूचना. सकाळपर्यंत ते बरे वाटते, म्हणून कोणी मनावर घेत नाही.

मग उपाय काय? इअरफोन सोडा, असे सांगून कोणी सोडत नाही. त्यापेक्षा ती पिशवी उघडावी. तिन्ही मापांची रबरे लावून पाहावीत. डाव्या-उजव्या कानाला वेगळी मापे लागू शकतात. गाणे न लावता दोन वाक्ये बोलावीत. स्वतःचा आवाज डोक्यात घुमला तर रबर नीट बसले. रबर सैल असेल तर बेस निसटतो, गाणे पातळ लागते आणि बोट आपोआप आवाजाच्या बटणाकडे जाते. नीट बसलेले रबर बाहेरचा गोंगाट अडवते, त्यामुळे कमी आवाजात भागते. नॉइज कॅन्सलेशनवाले इअरफोन गाडीच्या घरघरीसारखा एकसुरी, खालच्या पट्टीचा आवाज उलट्या लहरीने आणखी कमी करतात. ज्यांना परवडतात त्यांच्यासाठी ती चैन नव्हे. पण नीट न बसलेल्या महागड्या इअरफोनपेक्षा घट्ट बसणारा साधा वायरचा इअरफोन कधीही बरा. रबर नसलेले, कानाच्या तोंडाशी नुसते टेकणारे बड लोकलसाठी चुकीचेच.

‘आवाज ६० टक्क्यांच्या वर नको’ हा नियम लक्षात ठेवायला सोपा आहे, पण टक्के म्हणजे डेसिबल नव्हेत. एका फोनचे ६० टक्के दुसऱ्याच्या ८० इतके असू शकतात. आता अनेक फोन आठवडाभरात कानावर किती आवाज पडला याची नोंद ठेवतात. सेटिंगमध्ये ती एकदा शोधावी. आकडा पाहून बरेच जण दचकतील.

घट्ट बसण्याची किंमतही आहे. कानातला मळ एरवी आपोआप बाहेर सरकतो. रबर त्याला आत ढकलते. किनाऱ्याच्या दमट हवेत, त्यातही पावसाळ्यात, बंद कानात घाम साचून बुरशी धरते आणि खाज सुटते. मग हेअरपिन, काडी, कोमट तेल असे सगळे प्रयोग कानावर होतात. त्यापेक्षा रबरे काढून साबणाच्या पाण्याने धुवावीत, पूर्ण वाळवून लावावीत, मित्राबरोबर एकेक बड वाटून घेऊ नये. कान वाहत असेल तर इअरफोन नकोच.

आणि जे रबर डब्यात कान वाचवते, तेच रुळांजवळ जीव घेऊ शकते. नायगावला उतरल्यावर, फलाटावर, पुलावर, बाहेर रिक्षांच्या गर्दीत दोन्ही कान उघडे हवेत. रूळ तर ओलांडूच नयेत. बंद कानांनी तर मागून येणारी गाडी कळतही नाही.

टिंग-टिंग दिवसभर राहिली किंवा घरचे ‘टीव्ही कमी कर’ म्हणू लागले, तर श्रवणचाचणी करून घ्यावी. ती दुखत नाही आणि मोठ्या सरकारी रुग्णालयांत होते. याच रेल्वेमार्गावर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागले तर मात्र मळ असेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण त्यावरचे औषध पहिल्या काही दिवसांतच खरे उपयोगी पडते.