पवनानगरच्या आंदोलकाचा फोन सरकार ऐकू शकतं का? फोन टॅपिंगचे नियम काय सांगतात?

पवनानगरमध्ये धरणाच्या पाण्याचा विषय निघाला की बंदिस्त जलवाहिनीचा विषय निघतोच. पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला थेट पाइपमधून पाणी नेण्याच्या योजनेला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. ९ ऑगस्ट २०११ रोजी या विरोधासाठी पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलन झालं. पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकऱ्यांचा जीव गेला.

आज अशा आंदोलनाची हाक फोनवरून आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरून दिली जाते. समजा, पवनानगरमधल्या एखाद्या शेतकऱ्यानं उद्या मोर्चाची तयारी सुरू केली, तर त्याचे कॉल सरकारला ऐकता येतात का?

कायदा काय सांगतो?

२०२४ पर्यंत फोन टॅपिंग ब्रिटिशांच्या काळातल्या १८८५ च्या तार कायद्यानुसार व्हायचं. आता त्या जागी दूरसंचार कायदा, २०२३ आहे. पण मूळ अट तीच आहे: सार्वजनिक आणीबाणी असली पाहिजे किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न असला पाहिजे.

ही पहिली पायरी झाली. त्यानंतर देशाची सुरक्षा, सार्वभौमत्व, इतर देशांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था किंवा गुन्ह्याला चिथावणी रोखणं, यापैकी एक कारण दाखवावं लागतं. म्हणजे नुसतं 'सुव्यवस्था बिघडेल' असं म्हणून भागत नाही. आधी पहिली पायरी चढावी लागते.

१९९६ मध्ये पीयूसीएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं याच पायरीवर बोट ठेवलं. आणीबाणी किंवा सुरक्षेचा धोका ही काही गुपचूप असणारी गोष्ट नाही, कोणत्याही समंजस माणसाला ती दिसली पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

पुढे २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमतानं खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. त्यावर गदा आणायची तर कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय गरजेपुरताच हवा.

आदेश कोण काढतं?

राज्यात हा अधिकार गृह सचिवांचा आहे. स्थानिक पोलीस ठाण्याला परस्पर कोणाचा फोन ऐकता येत नाही. तातडीच्या प्रसंगी पोलीस महानिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला आदेश काढता येतो, पण सात कामकाजाच्या दिवसांत त्याला मंजुरी मिळाली नाही तर टॅपिंग थांबवावं लागतं. एक आदेश जास्तीत जास्त ६० दिवस चालतो. मुदत वाढवली तरी एकूण १८० दिवसांच्या पुढे जाता येत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल

मुंबईतल्या एका व्यावसायिकाचा फोन लाचेच्या प्रकरणात २००९-१० मध्ये टॅप झाला. आदेश केंद्रीय गृह मंत्रालयाचे होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ते तिन्ही आदेश रद्द केले. लाचखोरी गंभीर असली, तरी त्यामुळे सार्वजनिक सुरक्षा कशी धोक्यात आली हे सरकारला दाखवता आलं नव्हतं. रेकॉर्डिंग नष्ट करण्याचा आदेशही न्यायालयानं दिला.

अर्थात सगळी न्यायालयं यावर एकमतानं बोलत नाहीत. २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं मुंबईसारखीच भूमिका घेतली. त्याच्या काही दिवस आधी दिल्ली उच्च न्यायालयानं मात्र मोठ्या रकमेच्या कंत्राटातल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणात टॅपिंग योग्य ठरवलं होतं.

नियम असूनही वाद का होतात?

महाराष्ट्रात याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे आयपीएस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावरचे आरोप. नाना पटोले यांच्यासह काही नेत्यांचे फोन खोटी नावं दाखवून टॅप केल्याचा गुन्हा २०२२ मध्ये पुण्यात नोंदवला गेला. संजय राऊत आणि एकनाथ खडसे यांच्या फोनबाबत दुसरा गुन्हा मुंबईत कुलाब्याला दाखल झाला. शुक्ला यांनी आरोप फेटाळले आणि हे राजकीय सूडापोटी होत असल्याचं म्हटलं.

तेव्हा राज्यात महाविकास आघाडीचं सरकार होतं. जून २०२२ मध्ये सरकार बदललं. त्यानंतर पुणे पोलिसांनी प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला, तर मुंबईतल्या प्रकरणात खटला चालवायला सरकारनं परवानगी नाकारली. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं दोन्ही गुन्हे रद्द केले. जानेवारी २०२४ मध्ये शुक्ला राज्याच्या पोलीस महासंचालक झाल्या.

खटलाच चालला नाही, त्यामुळे नेत्यांचे फोन का आणि कसे टॅप झाले याचा न्यायालयात साक्षीपुराव्यानिशी उलगडा झाला नाही.

लक्ष ठेवणाऱ्यांवर लक्ष कोणाचं?

टॅपिंगचे आदेश तपासायला समिती असते. राज्यात तिचे प्रमुख मुख्य सचिव असतात आणि बाकीचे सदस्यही सचिवच. म्हणजे सरकारी अधिकाऱ्याचा आदेश सरकारी अधिकारीच तपासतात. समितीत न्यायाधीश नाही आणि विरोधी पक्षाचा प्रतिनिधीही नाही.

कामाचा बोजा वेगळाच. केंद्राच्या समितीसमोर दोन महिन्यांतून एकदा होणाऱ्या प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश तपासणीला असतात, असं न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या अहवालात म्हटलं होतं. इतके आदेश एका बैठकीत खरोखर वाचून होतील का, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

शिवाय ज्याचा फोन ऐकला जातो त्याला ते नंतरही कळवण्याची तरतूद नाही. मुंबईच्या त्या व्यावसायिकाला कळलं, कारण रेकॉर्डिंग त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढे आलं. जिथे खटला होत नाही, तिथे माणसाला पत्ताच लागत नाही, मग तो दाद कशी मागणार?

आणि व्हॉट्सॲप?

इंटरनेटवरच्या माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ वापरलं जातं. त्यात 'सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षा' ही पहिली पायरीच नाही. कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी आदेश निघू शकतो. व्हॉट्सॲपचे मेसेज एन्क्रिप्टेड असल्यानं ते वाटेत वाचणं अवघड असतं. पण फोनच जप्त झाला किंवा ग्रुपमधल्या कोणी स्क्रीनशॉट दिला, तर एन्क्रिप्शनचा उपयोग नाही.

मग पवनानगरचं उत्तर काय?

शांततेत मोर्चा काढणं हा संविधानानं दिलेला हक्क आहे. केवळ सरकारी योजनेला विरोध केला म्हणून शेतकऱ्याचा फोन ऐकणं कायद्यात बसत नाही. बेकायदा टॅपिंगसाठी नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे.

पण हा नियम मोडला गेला तर पवनानगरच्या शेतकऱ्याला ते कळणार कसं, याचं उत्तर कायद्यात नाही. टॅपिंगचा आदेश निघण्याआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी आणि नंतर संबंधिताला कळवावं, ही मागणी होते ती त्यासाठीच.