लेक निघाली जग बघायला, हप्त्याचं काय?

शैक्षणिक कर्जाच्या कागदांवर बँकेतले साहेब बोट ठेवतील तिथं आपण सही करून मोकळ्या होतो. लेकीच्या नावाखाली आपलं नाव असतं आणि त्यापुढे छापलेलं असतं ‘सहकर्जदार’. बऱ्याच जणींना वाटतं, ही साक्षीदारासारखी सही. तशी ती नाही, बरं का! कर्ज जितकं लेकीचं, तितकंच आपलं.

आज हे लिहायला कारण आहे. शिक्षण संपलं की लगेच नोकरीला न चिकटता वर्षभर परदेशात जायचं, कमी पैशात राहायचं, मिळेल ते काम करत हिंडायचं, असं म्हणणाऱ्या मुली आता तालुक्याच्या गावातही भेटतात. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये १८ ते ३० वयाच्या भारतीय तरुणांसाठी ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसा खुला केला. सुरुवातीला वर्षाला १ हजार जागा, निवड सोडतीने. नंबर लागला की १२ महिने फिरा आणि खर्चापुरतं कामही करा. माझ्या ओळखीच्या एका बाईंची मुलगी याच खटपटीत आहे. ‘जाऊ देऊ का हो?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, खुशाल जाऊ द्या, पण आधी कर्जाची फाईल काढा.

शिक्षण संपल्यावर साधारण वर्षभर बँक हप्ता मागत नाही. मुलींना वाटतं, हेच आपलं हिंडायचं वर्ष. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. समजा, ६ लाखांचं कर्ज आहे आणि व्याज १० टक्के. महिन्याला ५ हजार रुपये व्याज चढतंच. १० वर्षांत फेडायचं तर हप्ता साधारण ७,९०० रुपये. वर्षाचं ६० हजार व्याज न भरता मुद्दलात मिळवलं गेलं, तर तोच हप्ता ८,७०० च्या वर जातो. म्हणजे एका वर्षाच्या भटकंतीसाठी पुढची १० वर्षं दरमहा ८०० रुपये जास्त. परवडत असेल तर हरकत काहीच नाही. पण हा हिशेब मुलीने स्वतः वहीत मांडलेला असावा. कुठल्या गावात झोपायची सोय स्वस्त, कुठली बस रात्रीची, हे सगळं तिला पाठ असतं. मग त्याच वहीत हप्त्याचीही एक ओळ हवी.

आणि हप्ता चुकला तर? फोन आईला येतो. लेक तिकडे द्राक्षाच्या मळ्यात, आई इकडे बँकेच्या दारात. ९० दिवस थकलं की खातं बुडीत धरायला घेतात आणि सिबिलचा आकडा दोघींचाही घसरतो. मग धाकट्याच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला जावं तर तिथे हाच डाग दिसतो. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बहुतेक बँका तारण मागतात, ते घर असेल तर प्रश्न आणखी मोठा.

अशा वेळी आई काय करते, ते मला माहीत आहे. भिशीचे पैसे काढते, पाटली मोडते, आणि लेकीला कळूही देत नाही. ‘तिकडे तिच्या जिवाला घोर नको!’ मला हे पटत नाही. कमवायला लागलेल्या मुलीला तिच्या कर्जाचा घोर थोडा तरी असायलाच हवा. ‘लग्न झाल्यावर सासरचे बघतील’ म्हणणाऱ्याही आहेत, त्यांच्याविषयी न बोललेलं बरं.

त्या बाईंच्या लेकीने मग जाणं चार महिने पुढे ढकललं, शिकवण्या घेतल्या आणि सहा हप्त्यांचे पैसे वेगळ्या खात्यात टाकले. हप्ता त्या खात्यातून आपोआप वळता होतो. तिकडून पैसे पाठवताना दर वेळी शुल्क कापलं जातं, म्हणून दरमहा न पाठवता तीन महिन्यांचे एकदम पाठवायचं ठरलंय.

मोबाईलचंही बघा. बँकेचा ओटीपी इथल्या नंबरवर येतो. सिम रिचार्जविना पडून राहिलं की बंद होतं आणि खात्यात पैसे असूनही हात बांधलेले राहतात. नंबर चालू ठेवा आणि कर्ज खात्याचा उतारा दर महिन्याला तुम्हीही बघा. सहकर्जदार म्हणून तो मागायचा तुम्हाला हक्क आहे.

हप्ता जमणार नाही असं दिसलं, तर तो चुकायच्या आधी बँकेत जा. मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळतो का ते विचारा, आणि अर्ज लेखी द्या. २०२४ पासून चुकलेल्या हप्त्यावर बँकेला दंडाचं व्याज लावता येत नाही, फक्त ठरावीक दंड आकारता येतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. उताऱ्यात तसं काही दिसलं तर तिथल्या तिथे विचारा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय बँकेतून उठू नका.