आबासाहेबांच्या एसटीपलीकडे

2019 ची विधानसभा लढवायची नाही, असं गणपतराव देशमुख ऊर्फ आबासाहेबांनी जाहीर केलं तेव्हा त्यांनी नव्वदी कधीच ओलांडली होती. मतदारसंघ एकच, सांगोला. पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). आणि आमदारकी अकरा वेळा. 1962 ला पहिल्यांदा निवडून आले. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत आले. 1995 ला पुन्हा पडले, तेही अवघ्या 192 मतांनी.

निरोपाच्या लेखांत मग एसटीचा प्रवास, साधी राहणी, साधं घर हे ओघानं आलंच. खोटं त्यात काही नव्हतं. पण आमदार एसटीनं आला म्हणून शेताला पाणी येत नाही.

पाण्यासाठी आबासाहेबांनी काय केलं, ते आटपाडीला विचारावं. नागनाथअण्णा नायकवडींच्या साथीनं तिथं तेरा दुष्काळी तालुक्यांची पाणी परिषद भरू लागली. कृष्णेचं पाणी उचलून माणदेशात आणा, ही मागणी. जोडीला समन्यायी वाटपाचा आग्रह: ज्याला जमीन नाही त्या घरालाही पाण्याचा वाटा हवा. वर्षानुवर्षं तेच ठराव, तीच निवेदनं, तेच मोर्चे. ऐकणाऱ्यालाही कंटाळा यावा, पण आबासाहेब थकले नाहीत. टेंभू योजनेचं पाणी माणदेशाकडे वळलं त्यामागे ही चिकाटी आहे.

कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी काढली आणि चालवूनही दाखवली. राज्यातल्या कितीतरी गिरण्यांना टाळं लागत होतं, त्या काळात! मंत्रिपद मिळालं दोनदाच, 1978 ला पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारमध्ये आणि 1999 नंतर. बाकी कारकीर्द बहुतेक विरोधी बाकावर गेली. सत्तेत गेल्याशिवाय मतदारसंघाची कामं होत नाहीत, हे कारण पुढे करून पक्ष बदलणाऱ्यांनी सांगोल्याचा हा हिशेब एकदा तपासून पाहावा.

एक उणीव मात्र गौरवाच्या भरात झाकू नये. एवढ्या काळात घराबाहेरचा वारसदार पक्षाला उभा करता आला नाही. 2019 ला उमेदवारी अखेर नातवाकडेच, डॉ. अनिकेत यांच्याकडे गेली आणि ते शहाजीबापू पाटलांकडून 768 मतांनी हरले. 30 जुलै 2021 रोजी आबासाहेबांचं सोलापुरात निधन झालं. 2024 ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सांगोला परत जिंकला. त्या निवडणुकीत शेकापला राज्यात मिळालेली ती एकमेव जागा.