हैदराबादच्या मुलींची सुटी

मे महिना म्हटला की गोमंतकातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आजोळ उभे राहते. मानकुराद आंबे, फणसाचे गरे, दुपारचे ओहोळातले डुंबणे आणि देवळाच्या प्रांगणात नाटक पाहता पाहता आईच्या मांडीवर लागलेली झोप, असे त्या महिन्याचे चित्र आम्हां सर्वांच्या मनात कायमचे ठसलेले आहे. सुटी मुलाला मोकळे करण्यासाठी असते, असे आम्ही न बोलता गृहीत धरतो. परंतु याच देशात, आमच्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर, अशाही मुली आहेत की ज्यांना शाळा हाच मोकळेपणा आणि सुटी हाच कोंडवाडा! हैदराबादच्या जुन्या शहरातील गरीब मुसलमान घरांतील मुलींविषयी आम्ही लिहीत आहोत.

तेलंगणातील शाळा २४ एप्रिलच्या सुमारास बंद होतात आणि १२ जूनच्या सुमारास उघडतात. हे सुमारे सात आठवडे तलाबकट्टा, सुलतानशाही, याकूतपुरा या मोहल्ल्यांतील बारा-तेरा वर्षांच्या मुलीचे कसे जातात? पारा चाळिशीच्या पलीकडे गेलेला असतो. घर म्हणजे एक खोली, बहुधा पत्र्याची. भाऊ गल्लीत क्रिकेट खेळावयास जातो. ती धाकट्यांना सांभाळते, जरीकाम करते, लाखेच्या बांगड्यांवर खडे बसविते. लाडबाजारातील ज्या बांगड्यांचे आमच्या यात्रेकरू भगिनींना अप्रूप वाटते, त्यांतील कित्येक असल्याच बोटांतून गेलेल्या असतात. हेही एक वेळ चालले असते. कष्ट आमच्या मुलींनाही चुकलेले नाहीत. भीती निराळी आहे. शाळेत जाणारी मुलगी शिक्षिकेच्या डोळ्यांसमोर असते. एक दिवस आली नाही तर कोणी तरी विचारते. सुटीत तिला विचारणारे कोणी नसते, आणि लग्नाच्या दलालाला हीच वेळ सोयीची वाटते.

वाचकांना १९९१ सालची ती घटना आठवत असेल. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये हैदराबादहून दिल्लीस जाणाऱ्या विमानात एक दहा-अकरा वर्षांची मुलगी रडत असलेली एका हवाई सुंदरीच्या दृष्टीस पडली. शेजारी साठीच्या घरातला सौदी नागरिक, तिचा 'नवरा', बसला होता. त्या हवाई सुंदरीने मान फिरविली नाही म्हणून हे प्रकरण जगापुढे आले. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, २०१७ च्या सप्टेंबरात, हैदराबादच्या पोलिसांनी ओमान-कतारकडून आलेले वयस्क 'वर' आणि त्यांना कागदपत्रे करून देणारे काझी यांना अटक केली, म्हणजे बाजार उठला नव्हताच. अशा घटना कानी आल्या की आमच्याकडे काही मंडळींना समाधानाचा एक विचित्र झटका येतो. 'पाहा, ते लोक असेच!' हे उद्गार ऐकून आम्हाला शरम वाटते. दलाल जातो तो दारिद्र्याच्या दारी. त्याला धर्माचे सोयरसुतक नसते. आणि परक्याच्या मुलीचे दुःख हे स्वतःच्या मोठेपणाचे साधन करणे हाही एक प्रकारचा बाजारच आहे.

या सात आठवड्यांवर सुचणारा उपाय अगदी साधा आहे. या मुलींसाठी उन्हाळी शिबिर भरविणे. ऐकताना तो क्षुल्लक वाटतो. खेळ, गाणी, चार हस्तव्यवसाय, शेवटी खाऊ, त्याने काय होणार? आमच्या मते पुष्कळ होईल, पण ते शिबिर कसे भरविले जाते यावर सारे अवलंबून आहे. हैदराबादमध्ये महानगरपालिका दर वर्षी एप्रिलअखेरीपासून मेअखेरीपर्यंत सहा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी क्रीडाशिबिरे भरविते. शुल्क नाममात्र, मैदाने अनेक. म्हणजे सोय आहे. पण सोय असणे आणि ती घरातल्या मुलीपर्यंत पोहोचणे यांत जे अंतर आहे ते किलोमीटरांत मोजता येत नाही. मैदान दोन रस्ते ओलांडून आहे, शिकविणारा पुरुष आहे, कुंपणाशी टवाळ पोरे उभी आहेत आणि मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, एवढे पुरे होते. आई 'नक्को' म्हणते आणि प्रश्न संपतो. (हा 'नक्को' आमच्याच 'नको'चा दखनी अवतार, हे जाता जाता सांगावेसे वाटते. चार-पाचशे वर्षे शेजारी राहिल्याची ती खूण आहे.)

तेव्हा शिबिर भरवायचे तर आधी आईला जिंकले पाहिजे. जागा गल्लीतलीच हवी. ओळखीच्या शाळेचा हॉल असो की कोणाच्या घराचे मोठे अंगण. शिकविणाऱ्या स्त्रिया हव्यात आणि त्यांतील दोघी-तिघी तरी त्याच मोहल्ल्यातल्या. वेळ सकाळी सात ते दहा, उन्हे चढण्यापूर्वी. लहान भावंडाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला दारातून परत धाडू नये, कारण ते भावंड घरी ठेवता येत असते तर प्रश्नच नव्हता. पंचांगाकडेही लक्ष हवे. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे येतो. २०१९ साली तो ऐन मे महिन्यात होता. आता तो सुटीच्या पुष्कळ आधी संपतो आणि पुढील बरीच वर्षे सुटीच्या आड येणार नाही. मात्र २०२५ साली ७ जूनला आलेली बकरी ईद आता मे महिन्यात शिरते, तिचे चार दिवस सोडावे लागतील. हे तपशील वाचून कोणी कंटाळेल. पण आमची अशी पक्की समजूत आहे की समाजसुधारणेची जी कामे बुडाली त्यांतील निम्मी तत्त्वापायी बुडाली नाहीत, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था न केल्यामुळे बुडाली.

शिकवायचे काय? मेंदी आणि शिवणकाम एवढ्यावर गाडी थांबू नये, असे आम्हाला आग्रहाने सांगावेसे वाटते. त्या कला मुलींना घरी येतातच, किंबहुना त्यांच्याच ओझ्याखालून तीन तास सुटका व्हावी यासाठी हा खटाटोप. त्यांना धावू द्यावे, ओरडू द्यावे, सायकल शिकवावी. तेलुगू आणि इंग्रजी वाचता यावे, कारण शहरातील फलक आणि अर्ज त्या भाषांत असतात. बँकेचे पासबुक कसे भरतात, अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह कायद्याने गुन्हा आहे तो कोठे कळवायचा, हेही सांगावे. निजामाबादच्या निखत झरीनने २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन वर्षे मुष्टियुद्धाचे जागतिक विजेतेपद मिळविले. तिला मैदानावर नेणारा तिचा बाप होता. सानिया मिर्झा हैदराबादेतच वाढली आणि २००५ साली तिच्या स्कर्टच्या लांबीवर रणे माजली. या दोघींची नावे त्या मोहल्ल्यांतील मुलींना पाठ असतील, यात शंका नाही. त्यांच्या बापांची गोष्ट मात्र तेथील बापांना सांगितली पाहिजे.

येथे एक आक्षेप येईल आणि तो आम्ही स्वतःलाही घेतला आहे. केवळ मुसलमान मुलींचे शिबिर ही फुटीरपणाची वाट नव्हे काय? राष्ट्रीय चळवळीच्या संस्कारात वाढलेल्या आमच्यासारख्यांना जमातवार काही काढले की मनात पाल चुकचुकते. साने गुरुजींचा वारसा सांगणाऱ्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर कोणी जात विचारीत नसे, आणि चिपळूणजवळच्या मिरजोळीतील हमीद दलवाई यांच्यासारखा निर्भय सुधारक त्याच मुशीतून निघाला. कोकणच्या या सुपुत्राने १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत विधानभवनावर सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा नेला. अवघ्या सात! त्या सातांची संख्या पाहून हसणारे होते. पण त्या सात घरांतून बाहेर पडल्या हे विसरता येत नाही. आमचा आदर्श सेवा दलाचाच आहे. पण जी मुलगी मिश्र शिबिराला येऊच शकत नाही, तिला आधी उंबऱ्याबाहेर काढणारे शिबिर हे त्या आदर्शाच्या आड येत नाही. त्याची पहिली पायरी ठरते. मात्र पायरीवर बिऱ्हाड थाटू नये. पहिल्या वर्षी केवळ मुली असोत, तिसऱ्या वर्षी शेजारच्या बस्तीतल्या हिंदू मुलीही त्यात असल्या पाहिजेत. डिसेंबर १९९० च्या दंगलीत ज्या शहराने शंभराहून अधिक माणसे गमावली, त्या शहरात हे केवळ सौजन्य नव्हे.

हैदराबादच्या इतिहासानेही हीच वाट दाखविली आहे. १९०७ साली तेथे महबूबिया मुलींची शाळा निघाली. तिच्या उभारणीत मुंबईच्या तय्यबजी घराण्यातील लेडी अमीना हैदरी यांचा मोठा वाटा होता. त्याच वर्षी केशवराव कोरटकरादी मराठी मंडळींनी विवेकवर्धिनी उभारली. सुघ्रा हुमायून मिर्झा या लेखिकेने १९३४ साली साफदरिया ही मुलींची शाळा काढली आणि आपली मिळकत तिला दिली. या बाईंनी पडदा टाकला होता, तरी पडद्यातल्या मुलींना दारात अडविले नाही. पोशाखाची अट घालून शिक्षण देऊ पाहणारे दोन्ही बाजूंचे लोक यातून काही शिकतील तर बरे. २०२२ साली आमच्याच किनाऱ्यावर, उडुपीत, मुलीच्या डोक्यावरील कापडावरून केवढे काहूर उठले! त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी परस्परविरोधी निकाल दिले. त्या धामधुमीत ज्या मुलींची परीक्षा हुकली त्यांचे पुढे काय झाले, हे दोन्ही बाजूंच्या झेंडेवाल्यांपैकी कितीजणांनी विचारले?

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तेलंगणात २०१६ पासून अल्पसंख्याकांसाठी निवासी शाळा उघडण्यात आल्या. त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि त्यांतील निम्म्याच्या आसपास मुलींसाठी आहेत. योजना मोठी आहे. पण वसतिगृहातील मुलगीही मे महिन्यात घरीच येते. जमीलाताई निशात यांच्या पुढाकाराने सुलतानशाहीत उभ्या राहिलेल्या 'शाहीन'सारख्या संस्था वर्षानुवर्षे त्याच गल्ल्यांत काम करीत आहेत. बाहेरच्यांनी जाऊन त्यांना शहाणपण शिकविण्याची गरज नाही. बस, पुस्तके, पाण्याच्या टाक्या, दोन-चार शिक्षिकांचे मानधन, जे मागतील ते द्यावे. हैदराबादेतील मराठी समाजाला तर हे सहज जमेल. शतकाहून अधिक काळ शाळा चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी आहे. शिबिर यशस्वी झाले की नाही हे समारोपाच्या दिवशी हार-तुरे मोजून ठरवू नये. १२ जूनला शाळेचा हजेरीपट उघडावा आणि एप्रिलमध्ये असलेली किती नावे त्यात 'हजर' म्हणाली ते पाहावे.

'हैदराबादशी गोमंतकाचा काय संबंध?' असे विचारणाऱ्याला एक जुनी आठवण देतो. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद आणि १९६१ च्या डिसेंबरपर्यंत गोवा, ही दोन्ही हिंदी संघराज्याच्या दृष्टीने परकी स्थळे होती, आणि समुद्राला मुकलेल्या निजामाचा डोळा आमच्या मुरगाव बंदरावर होता. ते राजकारण बुडाले. पण आणखी जवळचा संबंध आहे. ज्या गोमंतकात देवळाच्या नावाने लहान मुलींचा शेसविधी लावून त्यांचे भवितव्य आठव्या-दहाव्या वर्षीच ठरविले जाई, त्या गोमंतकातील लोकांनी दुसऱ्याच्या मुलींविषयी उंच आसनावर बसून बोलू नये. ही प्रथा मोडली ती राजाराम पैंगीणकरांसारख्या, त्याच समाजात जन्मलेल्या माणसांनी, शाळा आणि स्वाभिमान यांच्या बळावर. बाहेरचे उपदेशक तेव्हाही पुष्कळ होते. पुण्यातही सावित्रीबाई फुल्यांच्या १८५६ सालच्या पत्रात फातिमेचे नाव येते ते सहकारी म्हणून, उपकृत म्हणून नव्हे.

गोव्याच्या लोकसंख्येत मुसलमान २०११ च्या जनगणनेनुसार आठ टक्क्यांवर आहेत. वास्को, मडगाव, फोंडा येथे दर उन्हाळ्यात नाट्यशिबिरे, बालसंस्कार शिबिरे, पोहण्याचे वर्ग भरतात आणि त्यांची वृत्ते आम्ही हौसेने छापतो. त्या छायाचित्रांतील मुलींची नावे आम्ही या वेळी मुद्दाम वाचून पाहिली, आणि आठ टक्क्यांचा मागमूस आम्हाला त्यांत लागला नाही. पुढल्या हंगामात नावनोंदणीची वही उघडण्यापूर्वी चालकांपैकी एखाद्या बाईने पलीकडच्या मोहल्ल्यात जावे, कोणाच्या तरी घरी चहा घ्यावा आणि वर्ग किती वाजता सुटतो, शिकविणारी कोण, मुलीला घरी पोहोचविणार कोण, हे तेथील आयांना नीट सांगून यावे.