आकाशातील डोळा आणि बांधावरचे सत्य

भारत आणि अमेरिका यांनी मिळून सिद्ध केलेला ‘निसार’ हा उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून अंतराळात गेला. रात्रीच्या अंधारातून व पावसाळी ढगांच्या आवरणातून भूपृष्ठ न्याहाळणारी त्याची रडारदृष्टी दर बारा दिवसांनी त्याच भूमीवर परतते. खरिपाचा बराच काळ ज्या देशाचे आभाळ झाकलेले असते, त्या देशास या साधनाचे मोल सांगावयास नको. आपले शास्त्रज्ञ याबद्दल मनःपूर्वक अभिनंदनास पात्र आहेत.

हे यश आकस्मिक नव्हे. १९७० च्या सुमारास प्रा. पिशारोटी यांनी केरळातील नारळीच्या बागांवरून हेलिकॉप्टर नेऊन अवरक्त छायाचित्रे घेतली आणि माडाचा रोग आकाशातून ओळखता येतो, हे दाखवून दिले. निरोगी पान तांबडा प्रकाश शोषून घेते व डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकते. रोगट पान तसे करीत नाही. या तुलनेवरून पिकाची हिरवाई अंकांत मांडता येते. १७ मार्च १९८८ रोजी ‘आयआरएस-१ए’ सोडण्यात आला, तेव्हा या कामासाठी देशास स्वतःची दृष्टी लाभली.

परंतु दृष्टी निराळी आणि निवाडा निराळा. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत २०२३ च्या खरिपापासून भात व गहू यांचे उत्पन्न ठरविताना उपग्रहाधारित अंदाजास किमान ३० टक्के भार देण्याचे धोरण आले. २०२४ च्या खरिपात त्यात सोयाबीनची भर पडली. म्हणजे उपग्रहाचे चित्र हा आता केवळ अभ्यासाचा विषय राहिला नसून, शेतकऱ्याच्या पदरात भरपाई पडावयाची की नाही हे ठरविणाऱ्या पंचांपैकी तो एक झाला आहे. पीककापणी प्रयोग नेहमीच निर्दोष होतात असे कोणी म्हणणार नाही, आणि नजरअंदाज पैसेवारीचा अनुभवही सुखद नाही. यंत्र कोणाचा पाहुणचार घेत नाही, हा त्याचा मोठा गुण होय.

तथापि, यंत्र त्यास जे दिसते तेच सांगणार. ऐन फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली की सोयाबीनची फुले गळतात. मागाहून पाऊस आला म्हणजे शिवार पुन्हा हिरवेगार होते, पण झाडास शेंगा मोजक्याच धरतात. आकाशातून हिरवाई दिसते. खळ्यावरचे रिकामे पोते दिसत नाही. ते पाहण्यास बांधावर माणूसच जावा लागतो. म्हणूनच उपग्रह आहे या सबबीवर कापणी प्रयोगांस काट मारण्याचा मोह घातक ठरेल.

वनांची कथाही हीच. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२३ च्या अहवालात देशाच्या २१.७६ टक्के भूभागावर वनाच्छादन असल्याचे नमूद आहे. परंतु किमान एक हेक्टर क्षेत्र आणि १० टक्के वृक्षछत्र असले की, मालकी व झाडांची जात न पाहता, ती जमीन या हिशेबात धरली जाते. कोकणातील आंबा-काजूच्या बागांचीही मोजणी त्यातच होते. बाग लावणे पाप नव्हे. पण जुने रान तुटून तेथे बाग उभी राहिली, तर कालांतराने आकडा पूर्ववत होतो आणि रान मात्र गेलेले असते. यात दोष उपग्रहाचा नाही, त्यास अपुरा प्रश्न विचारणाऱ्यांचा आहे.

आमचे मागणे साधे आहे. ज्या चित्रावरून भरपाई ठरते, ते महसूल मंडळाच्या आकड्यांसह भरपाईपूर्वी गावच्या चावडीवर लागावे. त्यावर हरकत घेण्यास मुदत असावी आणि हरकत आल्यास अधिकाऱ्याने शेतात पाऊल टाकावे. वन अहवालात नैसर्गिक वन आणि लावलेल्या बागा यांचे आकडे वेगळे मांडावेत. शेकडो किलोमीटर उंचीवरून पाहण्याचे सामर्थ्य ज्या राष्ट्राने कमावले, त्यास चार पावले चालत बांधापर्यंत जाणे अवघड वाटू नये.